गोव्यात कॉर्न स्नेक पाळायचाय? हिटर नंतर, आधी थर्मामीटर

कॉर्न स्नेकबद्दल वाचायला बसलात की पहिलं वाक्य बहुतेक हेच भेटतं: सापाला ऊब द्या. हीट मॅट घ्या, वर दिवा लावा, थंडीत खोली गरम ठेवा. सल्ला खोटा नाही. फक्त तो लिहिणाऱ्याच्या खिडकीबाहेर बर्फ पडत असतो, आणि आपल्या खिडकीबाहेर मे महिन्यात माडाचं पानही हलत नसतं. मी म्हापशाला सर्वांत वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एक कॉर्न स्नेक सांभाळतो. पहिल्या वर्षी त्याला ऊब द्यायला जेवढी धडपड केली, त्याच्या दुप्पट पुढच्या उन्हाळ्यात त्याला गार ठेवायला करावी लागली. नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी हे लिहितोय, आणि क्रम मुद्दाम असा लावलाय की साप सगळ्यात शेवटी घरात येईल.

आधी थोडी ओळख. कॉर्न स्नेक मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. शास्त्रीय नाव पँथेरोफिस गुटाटस. बिनविषारी, भक्ष्याला विळखा घालून मारणारा. पूर्ण वाढला की साधारण ३ ते ५ फूट, आणि नीट सांभाळला तर १५ ते २० वर्षं जगतो. म्हणजे आज दहावीतल्या मुलाने आणलेला साप त्याच्या लग्नातही असू शकतो. नावाची दोन कारणं सांगतात: मक्याच्या कोठारांत उंदरांमागे तो सापडायचा म्हणून, किंवा पोटावरची चौकटींची नक्षी रंगीत मक्याच्या दाण्यांसारखी दिसते म्हणून. मला दुसरं पटतं. आपल्याकडचा तस्कर साप त्याचा दूरचा नातेवाईक. एके काळी शास्त्रज्ञ दोघांनाही एलाफे या एकाच गटात धरायचे.

पहिली पायरी: कागद आणि घरची माणसं

तस्कर चालेल का मग, धामण का नको, असं कुणीतरी विचारतंच. नको. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ प्रमाणे आपल्याकडचा कुठलाही जंगली साप पकडून घरात ठेवणं गुन्हा आहे, मग तो परसात स्वतःहून आलेला का असेना. कॉर्न स्नेक परदेशी असल्याने त्याचा हिशेब वेगळा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर साइट्स (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) च्या यादीतले परदेशी प्राणी पाळणाऱ्याला नोंदणी करावी लागते. बॉल पायथन त्या यादीत येतो, कॉर्न स्नेक येत नाही. तरी याद्या बदलतात, त्यामुळे पैसे देण्याआधी वनखात्याच्या कार्यालयात एकदा विचारून घ्या. विकणाऱ्याकडून पक्कं बिल घ्या आणि पिल्लू भारतातच पैदास झालेलं असल्याचं लेखी घ्या. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात खाऊच्या पुड्यांमध्ये दडवलेले बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक सापडले होते. अशा वाटेने आलेलं पिल्लू स्वस्त पडतं, पण निम्मं मेलेलं असतं. त्या धंद्यात आपला रुपया नको.

घरच्यांचं म्हणाल तर माझ्या आईने दोन महिने ‘साप’ हा शब्द उच्चारला नाही. ‘तुझं ते जनावर’ एवढंच. तिला पटवायला दोनच गोष्टी कामी आल्या: पेटीला कुलूप, आणि फ्रीजमधल्या उंदरांसाठी वेगळा, झाकणबंद डबा. हा दुसरा विषय साप आणण्याआधी काढा. नंतर काढलात तर महाभारत होतं.

दुसरी पायरी: आठवडाभर नुसतं मोजा

साप शीतरक्ताचा. त्याच्या अंगात स्वतःची शेगडी नाही, बाहेरून मिळेल तेवढीच ऊब. पोटातलं अन्न पचणं, रोगाशी झुंजणं, सगळं त्या उबेवर चालतं. म्हणून पेटीत एक बाजू उबदार आणि एक गार लागते, म्हणजे तो स्वतःच सरकून हवी ती जागा निवडतो. उबदार बाजूला २८ ते ३० अंश सेल्सिअस, गार बाजूला २२ ते २५. रात्री सगळंच थोडं उतरलं, २०-२१ पर्यंत गेलं, तरी मोठ्या सापाला चालतं.

आता हे आकडे घेऊन आपल्या खोलीकडे बघा. वर्षातले कितीतरी महिने म्हापशाच्या खोलीत दिवसा २८-२९ असतंच. म्हणजे उबदार बाजू फुकट मिळाली. मिळत नाही ती गार बाजू. त्यामुळे पहिली खरेदी हीट मॅटची नको, दोन डिजिटल थर्मामीटरची करा. वायरच्या टोकाला प्रोब (तापमान मोजणारं टोक) असलेले आणि दिवसातलं कमाल-किमान लक्षात ठेवणारे घ्या. सोबत आर्द्रता दाखवणारं एक. चिकटवायचे गोल काट्याचे मिळतात ते घेऊ नका. माझ्याकडचा एक चार अंश कमी दाखवत होता, आणि मी त्याच्यावर विसंबून पिल्लाला भाजत होतो.

एक थर्मामीटर पेटी जिथे ठेवणार तिथे, एक पलीकडच्या भिंतीपाशी. सकाळी उठल्यावर, दुपारी आणि रात्री आठच्या सुमारास आकडे वहीत लिहा. रात्री आठ का? वरचा मजला, डोक्यावर उघडा स्लॅब असला की दिवसभर शोषलेली उष्णता तो संध्याकाळी खाली सोडतो. माझ्याकडे दुपारी दोनला खोली जेवढी तापते, त्याहून जास्त सात-साडेसातला तापते. गावच्या चिऱ्याच्या घरात उलटं: जाड भिंती, कौलं, जमीन गार, भर दुपारीही माजघरात बरं वाटतं. सत्तरी-सांगेकडे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे चांगल्याच गार असतात, किनाऱ्याला तेवढ्या नसतात. ‘गोव्यातलं तापमान’ अशी एकच गोष्ट नाही. तुमच्या खोलीचं तापमान तेवढं खरं.

तिसरी पायरी: पेटी

पिल्लाला मोठा महाल नको, तो बावरतो आणि खाणं सोडतो. दीड फूट लांबीचा, घट्ट लॉकच्या झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा पहिलं वर्ष पुरतो. दोन्ही बाजूंना तापवलेल्या सळईने बारीक भोकं पाडा. मोठ्यासाठी ४ फूट लांब, २ फूट रुंद पेटी धरून चाला. कॉर्न स्नेक पळून जाण्यात पटाईत. डोकं शिरेल तिथून सगळा साप जातो, आणि पिल्लाचं डोकं पेन्सिलीएवढं असतं.

लाकडी पेटी करवणार असाल तर साधा प्लाय घेऊ नका. जून-जुलैत तो फुगतो, सरकत्या काचांची खाच वाकते आणि कोपऱ्यात बोटभर फट पडते. मरीन प्लाय किंवा पीव्हीसी बोर्ड घ्या, आतून वॉटरप्रूफ पॉलिश, आणि ते पूर्ण सुकून वास जाईपर्यंत दोन आठवडे उघडं ठेवा. मुंग्यांसाठी आजीची युक्ती: पूर्वी फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या असायच्या, तशाच स्टँडच्या पायांखाली ठेवा. फक्त पाणी दर तीन दिवसांनी बदला, डास होतात.

आत दोन लपण्या हव्यात, एक उबदार बाजूला, एक गार बाजूला. एकच ठेवलीत तर साप लपणं आणि तापमान यांतून एक निवडतो, आणि तो नेहमी लपणं निवडतो. फुटक्या मडक्याचा अर्धा तुकडा, कडा घासून, उत्तम. पाण्याचं भांडं जड आणि गार बाजूला.

चौथी पायरी: ऊब आणि तिचा लगाम

मग गोव्यात हीट मॅट लागतेच का? लागते, पण कमी दिवस. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री, पावसाळ्यातले सलग भिजके दिवस, आणि एसी चालणाऱ्या खोलीत. एसी २४ वर असेल तर मॅट वर्षभर हवी, आणि खरं सांगायचं तर तीच सगळ्यात सोपी व्यवस्था: खोली गार, पेटीचा एक कोपरा उबदार. विजेचं बिल परवडत असेल तर पुढचा निम्मा लेख तुम्हाला लागणार नाही.

मॅट डब्याच्या खाली, बाहेरून, तळाच्या एक तृतीयांश भागाला. आत नको. डब्याखाली चार कोपऱ्यांना रबरी गोळ्या चिकटवून थोडी हवा खेळू द्या, नाहीतर उष्णता कोंडते, आणि काचेची पेटी असेल तर तळ तडकू शकतो. मॅटच्या वर अंथरूण पातळच ठेवा.

आणि थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला मॅट बंद-चालू करणाऱ्या यंत्राशिवाय, मॅट लावायची नाही. मला पहिली मॅट विकणाऱ्याने ‘ही आपोआप कंट्रोल होते’ म्हणून सांगितलं होतं. तासाभराने डब्याच्या तळाला हात लावला तर चटका बसला. जंगलात ऊन वाढलं की साप जमिनीत खाली जातो, कारण खाली गारवा असतो. तुमच्या डब्यात मात्र खाली मॅट आहे. तापलेला साप सवयीने खाली घुसतो आणि आणखी भाजतो. पोटाच्या खवल्यांना चटका बसेपर्यंत तो तिथून हलेलच याचा भरवसा नाही.

थर्मोस्टॅटचा प्रोब डब्याचा तळ आणि मॅट यांच्या मधोमध, टेपने पक्का. आत ठेवलात तर साप तो ढकलून गार बाजूला नेऊन टाकतो, यंत्राला वाटतं अजून थंडीच आहे, आणि मॅट तापतच राहते. आकडा ३१ वर लावा, मग आत अंथरुणावर दुसऱ्या थर्मामीटरने तपासा. डब्याच्या जाडीत एक-दोन अंश जातात, त्याप्रमाणे खालीवर करा. हे सगळं रिकाम्या डब्यावर, तीन दिवस. आकडा स्थिर राहिला की मगच साप. तापमान मोजायची बंदूक हाताशी असली तर बरं, पण ती फक्त पृष्ठभागाचं तापमान सांगते, आणि चकचकीत पत्र्यावर फसते.

आपल्याकडे एसटीसी-१००० नावाचा छोटा कंट्रोलर स्वस्तात मिळतो. मूळ काम दुसरं, पण चालतो. त्याला दोन वाटा आहेत, एक गरम करण्याची, एक गार करण्याची. म्हणून लोक एकाच यंत्रावर मॅट आणि पंखा दोन्ही लावू बघतात. मीही लावले होते. जमत नाही, कारण प्रोब एकच. मॅटसाठी तो तळाशी हवा, पंख्यासाठी गार बाजूच्या हवेत. दोन यंत्रं घ्या. मागचे स्क्रू उघडे असतात, त्यामुळे डबीत बसवून वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. आणि प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोका घेऊन मग वर जाईल अशी सोडा, म्हणजे ओघळलेलं पाणी झोक्याच्या तळाशी गळून पडतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. घरात ईएलसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का, तेही त्याच दिवशी बघून घ्या.

लाल दिवे, तापणारे ‘हॉट रॉक’ वगैरे दुकानदार दाखवेल. हात जोडून पुढे चला.

पाचवी पायरी: एप्रिल-मे

खरी परीक्षा ही. गार बाजूही सतत ३२ च्या वर राहिली की साप ताणात येतो. ३५ च्या पुढे जीवावर बेततं. लक्षणं: तासन्‌तास पाण्याच्या भांड्यात पडून राहणं, पेटीभर येरझाऱ्या, तोंड उघडं ठेवणं. तोंड उघडं दिसलं तर थांबू नका, त्याला लगेच घरातल्या सर्वांत गार खोलीत हलवा.

इथे एक गैरसमज हमखास होतो. विदर्भातला मित्र सांगेल, ओलं गोणपाट टाक, कूलर लाव. तिकडची हवा कोरडी, पाणी झपाट्याने उडतं आणि उडताना गारवा देतं. आपल्या हवेत मुळातच दमट ओझं आहे, पाणी उडतच नाही. गोणपाट ओलंच राहतं आणि पेटीत वाफारा होतो. गोव्यात कूलरने साप गार होत नाही, नुसता भिजतो.

चालतं ते असं. पेटी जमिनीवर उतरवा. फरशी आणि छताजवळची हवा यांत चांगलाच फरक असतो. पश्चिमेच्या भिंतीपासून दूर, शक्यतो उत्तरेच्या खोलीत. गार बाजूच्या झाकणावर, बाहेरून, फडक्यात गुंडाळलेली गोठवलेल्या पाण्याची बाटली. आत बर्फ घालायचा नाही. दोन बाटल्या आळीपाळीने वापरल्या की संध्याकाळचे वाईट तीन तास निघतात. पंखा पेटीच्या जाळीजवळून वारा ओढेल असा ठेवा, सापावर थेट नको. पंख्याचा कंट्रोलर ३० वर लावलेला असतो माझा. मॅटचा प्लग मी मार्चअखेर काढतो आणि वहीत तारीख लिहितो. थर्मोस्टॅट असताना काढायची गरज काय, असं एकाने विचारलं. थर्मोस्टॅट बिघडतो, काढलेला प्लग बिघडत नाही.

सहावी पायरी: पावसाळा

कॉर्न स्नेकला आर्द्रता ४० ते ६० टक्के पुरे, कात टाकताना थोडी जास्त. जुलैत आपल्या खोलीत ८५-९० असते. पाणी शिंपडायचं वगैरे वाचलं असेल ते विसरा. जून ते सप्टेंबर मी अंथरूण म्हणून फक्त जुना पेपर वापरतो, दिसायला भिकार, पण ओला झाला की कळतो आणि दोन मिनिटांत बदलता येतो. काथ्याचा चुरा इथे स्वस्त आणि सुंदर, पण तो जानेवारी-फेब्रुवारीसाठी ठेवा. पावसात तो सुकतच नाही, खालून बुरशी धरतो. देवदाराचा किंवा सुताराकडचा कुठलाही भुसा कधीच नको.

पोटाचे खवले आठवड्यातून एकदा बघा. तपकिरी डाग, फोड, खवल्याच्या कडा उचललेल्या दिसल्या तर ती ओलीने आलेली कूज. नाकातोंडाशी बुडबुडे, श्वासाला शिट्टीसारखा आवाज आला तर फुप्फुसाचा संसर्ग. दोन्हींना घरगुती उपाय नाहीत, हळद तर नकोच. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे पशुवैद्य गोव्यात मोजकेच, त्यामुळे साप आणण्याआधी फोन करून विचारा, ‘साप बघता का?’ आजारी सापाचा डबा मांडीवर घेऊन पणजी-मडगाव करत विचारण्यात अर्थ नाही.

याच दिवसांत मॅटचा दुसरा फायदा होतो: उबदार कोपरा कोरडा राहतो. मग लाईट गेली की? फार घाबरू नका. पावसाळ्यात खोली २५-२६ असते, तेवढ्यात मोठा साप दोन-तीन दिवसही सहज काढतो. फक्त पोटात ताजा उंदीर असेल तर पचन रेंगाळतं आणि तो उलटी करू शकतो. वादळाचा इशारा असेल त्या आठवड्यात जेवण पुढे ढकला.

सातवी पायरी: साप आणि त्याचं जेवण

आता आणा. घेताना तो समोर खातोय हे बघा, निदान कधी आणि काय खाल्लं याची नोंद मागा. घरी आणल्यावर आठवडाभर हात लावायचा नाही. मित्रमंडळींना दाखवायचाही नाही, कितीही गळ घातली तरी.

तो उंदीर खातो. दूध नाही, अंडं नाही, नागपंचमीलाही नाही. पैदास केंद्रातले गोठवलेले उंदीर घ्या. घरातला किंवा भाटातला पकडून घालू नका. त्याच्या अंगात जंत असतात, पोटात शेजाऱ्याने ठेवलेलं विष असू शकतं, आणि पावसाळ्यात लेप्टोचा धोका तुम्हालाच. उंदीर सापाच्या सर्वांत जाड भागाएवढा किंवा किंचित मोठा. पिल्लाला दर ५ ते ७ दिवसांनी नवजात उंदीर, मोठ्याला दर १० ते १४ दिवसांनी एक. रात्रभर फ्रीजमध्ये खाली उतरवून, मग पिशवीत घालून कोमट पाण्यात. मायक्रोवेव्हमध्ये तो फुटतो, आणि नंतर घरात तुमचं काय होईल ते सांगायला नको. चिमट्याने द्या. त्यानंतर ४८ तास हात लावू नका. उलटी झालीच तर दहा-बारा दिवस पोट रिकामं ठेवा, पुढचा घास लहान द्या आणि आधी उबदार बाजूचं तापमान तपासा. बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो.

डोळे दुधाळ निळे झाले की कात येणार. तेवढे दिवस सोडून द्या. कात अखंड निघाली पाहिजे, शेपटीचं टोक आणि डोळ्यांवरच्या चकत्यांसह. एसीच्या खोलीत तुकडे पडतात, तेव्हा ओल्या शेवाळाची (मॉसची) झाकणबंद डबी भोक पाडून आत ठेवा. हाताळल्यावर साबणाने हात धुवा, साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू सापाच्या अंगावर असू शकतो.

पळाला तर

एक ना एक दिवस पळतो. आधी तीच खोली, दारांच्या फटीत कापड कोंबून. फ्रीजच्या मागे, वॉशिंग मशीनखाली, इन्व्हर्टरजवळ, जिथे ऊब आणि अंधार. शेजाऱ्यांना फोटोसह सांगा, नाहीतर कुणीतरी काठी घेईल. आणि रात्री कोपऱ्यात काही सळसळलं तर ‘आपलाच असेल’ म्हणून हात घालू नका. आपल्या गावात मण्यारही रात्रीच फिरते. टॉर्च मारा, रंग आणि नक्षी ओळखा, शंका असेल तर सर्पमित्राला बोलवा. कंटाळा आला म्हणून परसात सोडून देणं तर मुळीच नाही. कॅरिबियनमधल्या काही बेटांवर असेच पोहोचलेले कॉर्न स्नेक आता तिथे कायमचे राहिलेत.

चवथीला गावी जाताना

पाच-सात दिवस घर बंद असेल तर साप सोबत न्यायची गरज नाही. निघण्याच्या पाच दिवस आधी जेवण, निघताना ताजं पाणी, नवा पेपर, कुलूप. शेजाऱ्यावर एकच काम सोपवा, आकडा बघण्याचं. आमच्या समोरच्या काकी त्या खोलीत पाऊल टाकायला तयार नव्हत्या. म्हणून मी थर्मामीटरची स्क्रीन पॅसेजकडच्या खिडकीला आतून लावली, काचेतून दिसेल अशी. गेल्या चवथीला त्या रोज आरतीनंतर फोन करायच्या: ‘सत्तावीस पॉइंट चार. जनावर दिसलं नाही. मी बघितलंही नाही.’